स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ (पूर्वाश्रमीचे नाव : व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, जन्म : सिंदगी, विजापूर जिल्हा, ३ ऑक्टोबर १९०३, मृत्यू : हैदराबाद, २२ जानेवारी १९७२) हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे प्रमुख नेते, शिक्षक, संन्यासी आणि संसद सदस्य होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते सर्वपरिचित आहेत. तथापि त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा प्रारंभ शाळेतून झाला. हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांमध्ये त्यांनी १९२९ ते १९३८ या काळात अध्यापन केले आणि स्वातंत्र्यानंतर नांदेड येथे शिक्षणसंस्था उभारली. लोकांनी वर्गणीतून चालवलेल्या शाळेवर सरकारचा अधिकार किती, मुलाने कोणत्या भाषेत शिकावे हे कोणी ठरवावे आणि मान्यतेच्या बदल्यात संस्थेने काय स्वीकारावे, हे प्रश्न त्यांच्या जीवनक्रमात वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उपस्थित झाले. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

बालपण आणि शिक्षण

व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील सिंदगी या गावी झाला. त्यांचे घराणे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सरहद्दीवरील होते. शालेय शिक्षणासाठी ते सोलापूर येथे राहिले. सोलापूर त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि निजामाच्या मुलखातील अनेक मराठी व कन्नड कुटुंबे मुलांना शिक्षणासाठी तेथे पाठवीत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्या प्रसंगी विद्यार्थिदशेतील खेडगीकरांनी आजन्म अविवाहित राहून देशकार्य करण्याचा संकल्प केला.

असहकाराच्या चळवळीत महात्मा गांधींनी सरकारी व सरकारमान्य शाळांवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले. त्याला प्रतिसाद देऊन खेडगीकरांनी सरकारमान्य शाळा सोडली आणि अमळनेर येथील राष्ट्रीय शाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात उच्च शिक्षण पूर्ण केले. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९२१ मध्ये झाली होती. त्याच्या पदव्यांना त्या काळात सरकारी मान्यता नव्हती, त्यामुळे तेथे शिकणाऱ्यास सरकारी नोकरीचा मार्ग जवळजवळ बंद होत असे. खेडगीकरांनी हा पर्याय समजून उमजून स्वीकारला होता.

शिक्षणानंतर त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांचे सचिव म्हणून काम पाहिले. मुंबई आणि दिल्ली येथील या वास्तव्यात कामगार चळवळ व विधिमंडळाचे कामकाज यांचा त्यांना जवळून परिचय झाला. प्रकृतीच्या गंभीर तक्रारीमुळे त्यांना हे काम थांबवावे लागले आणि १९२९ मध्ये ते निजामाच्या राज्यातील हिप्परगा या खेड्यात शिक्षक म्हणून आले.

हैदराबाद संस्थानातील शाळा आणि कायदा

रामानंद तीर्थ यांच्या शैक्षणिक कार्याचे स्वरूप समजण्यासाठी संस्थानातील शिक्षणव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. हैदराबाद संस्थानात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे तीन भाषिक विभाग होते. तेलुगू भाषकांची संख्या लोकसंख्येच्या निम्म्याच्या आसपास होती, मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश होते, तर उर्दू मातृभाषा असणारे साधारण एक दशांश होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारा हा मोठा प्रयोग होता आणि त्यासाठी विद्यापीठाच्या भाषांतर विभागाने असंख्य ग्रंथ उर्दूत आणले. परंतु मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या मुलासाठी ती भाषा परकीच होती. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय होती. माध्यमिक स्तरावर सरकारी शाळांत उर्दूचे प्राबल्य असल्याने बहुसंख्य मुलांचे शिक्षण तेथेच खुंटत असे.

या स्थितीत लोकांपुढे तीन मार्ग होते. उर्दू शिकून सरकारी शाळेत जाणे हा पहिला, मुलाला संस्थानाबाहेर पाठवणे हा दुसरा आणि गावातच खासगी शाळा काढणे हा तिसरा. विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून तिसऱ्या मार्गाने अनेक संस्था उभ्या राहिल्या. हैदराबादची विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय आणि औरंगाबादची सरस्वती भुवन या त्यांपैकी काही होत. वर्गणी, देणग्या आणि अल्प वेतनावर काम करणारे शिक्षक हा त्यांचा आधार होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निजाम सरकारने खासगी शाळांसंबंधी नियम लागू केले. या नियमांनुसार शिक्षण खात्याची पूर्वपरवानगी घेतल्याखेरीज खासगी शाळा उघडता येत नसे. परवानगी देणे वा नाकारणे सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या हाती होते आणि त्यांच्या निर्णयाला आव्हान देता येईल असे लोकनियुक्त विधिमंडळही संस्थानात नव्हते. सभाबंदीसंबंधीची गश्ती निशान ५३ ही आज्ञा आणि खासगी शाळांचे नियम यांचा उल्लेख त्या काळातील सार्वजनिक मागण्यांत अनेकदा एकत्र येतो. आंध्र महासभा, महाराष्ट्र परिषद व कर्नाटक परिषद या तिन्ही विभागीय संघटनांनी, तसेच आर्य समाजाने, या निर्बंधांविरुद्ध आवाज उठवला.

संस्थानाच्या सीमेवर हा फरक ठळकपणे जाणवत असे. माहूर हे रेणुकादेवीचे क्षेत्र निजामाच्या राज्यात, किनवट तालुक्यात होते व तो तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. माहूरला तीन बाजूंनी वेढणाऱ्या पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडचा यवतमाळ जिल्हा लागत असे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. तेथे १९२० च्या कायद्याने स्थापन झालेली जिल्हा कौन्सिले आणि नगरपालिका मराठी प्राथमिक शाळा चालवीत आणि त्यांचे बहुतेक सभासद निवडणुकीने येत. नदीच्या अलीकडे जिल्हा मंडळांवर अधिकारी व सरकारनियुक्त सभासद यांचाच वरचष्मा होता. दोन्ही काठांवरची भाषा एक, यात्रा एक आणि सोयरीकही एकमेकांत होती. शाळा कोणी चालवावी याचा कायदा मात्र नदी ओलांडताच बदलत असे.

वऱ्हाडातील व्यवस्थाही वादातीत नव्हती. १९३७ नंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाने आणलेल्या विद्यामंदिर योजनेला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. शाळेला मंदिर म्हणणे व उर्दू माध्यमाचे भवितव्य हे आक्षेपाचे प्रमुख मुद्दे होते. एका राज्यातील अल्पसंख्य भाषेची तक्रार शेजारच्या राज्यात बहुसंख्यांच्या तोंडी होती.

हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा

हिप्परगा (रवा) हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात आहे. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, तेथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. खेडगीकर १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक झाले. शाळा सरकारी अनुदान घेत नव्हती. मराठी माध्यम, शरीरश्रम, सूतकताई, व्यायाम आणि विद्यार्थी व शिक्षकांचे एकत्र निवासी जीवन ही तिची वैशिष्ट्ये होती. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे येथील निकटचे सहकारी पुढे मुक्तिसंग्रामातही त्यांच्यासोबत राहिले.

अशा शाळेची कायदेशीर स्थिती नाजूक होती. अनुदान नसल्याने अभ्यासक्रम ठरवण्याचे स्वातंत्र्य तिला मिळे, पण मान्यता नसल्याने तेथील शिक्षणाचा उपयोग सरकारी परीक्षा आणि नोकरी यांसाठी होत नसे. त्यामुळे मुलाला तेथे घालणाऱ्या पालकाला ध्येय आणि व्यवहार यांपैकी एकाची निवड करावी लागे. हिप्परग्याच्या शाळेतील अनेक विद्यार्थी व शिक्षक पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभागी झाले.

१९३० च्या दशकाच्या आरंभी खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. संन्यासानंतर त्यांनी मठाची वाट धरली नाही. त्यांचे अध्यापन पूर्वीप्रमाणेच चालू राहिले.

अंबाजोगाई

१९३५ मध्ये रामानंद तीर्थ आणि त्यांचे काही सहकारी अंबाजोगाई येथे आले. तेव्हा या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. येथील योगेश्वरी नूतन विद्यालयाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. हिप्परगा आणि अंबाजोगाई यांतील फरक महत्त्वाचा आहे. हिप्परग्याची शाळा सरकारी चौकटीबाहेर उभी होती. अंबाजोगाईत सरकारी चौकटीत राहून लोकांची शाळा वाढवण्याचा प्रयत्न होता. मराठवाड्याच्या विविध भागांतून विद्यार्थी येथे येत व वसतिगृहात राहत.

अंबाजोगाईच्या वर्षांत त्यांचा शिक्षक, वकील व व्यापारी वर्गातील कार्यकर्त्यांशी व्यापक संपर्क आला. संस्थानातील शाळा परवानगीवर अवलंबून आहे, परवानगी खात्यावर अवलंबून आहे आणि खाते लोकांना जबाबदार नाही, ही साखळी त्यांना प्रत्यक्ष कामातून दिसत होती. शिक्षणाचा प्रश्न जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीशी जोडला गेला तो याच काळात.

महाराष्ट्र परिषद

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. रामानंद तीर्थ या परिषदेच्या संघटनेत अग्रभागी होते. परिषद प्रारंभी राजकीय संस्था म्हणून स्थापन झालेली नव्हती. मातृभाषेतून शिक्षण, खासगी शाळांवरील निर्बंध, वाचनालये, नागरी स्वातंत्र्य आणि शेतकऱ्यांचे प्रश्न हे तिचे विषय होते. परिषदेत सावकाश सनदशीर मार्गाने जाऊ इच्छिणारा एक गट होता आणि जबाबदार राज्यपद्धतीची मागणी स्पष्टपणे करावी असे म्हणणारा दुसरा गट होता. रामानंद तीर्थ दुसऱ्या गटाचे नेते मानले जात.

१९३८ मध्ये त्यांनी शाळेतून मुक्त होऊन पूर्णवेळ राजकीय कार्य स्वीकारले. सरकारी परवानगीवर चालणाऱ्या शाळेचे मुख्याध्यापकपद आणि सरकारला आव्हान देणाऱ्या संघटनेचे नेतृत्व या दोन गोष्टी एकत्र चालवणे शक्य नव्हते. नऊ वर्षांच्या अध्यापनाचा येथे शेवट झाला.

स्टेट काँग्रेस आणि १९३८ चा सत्याग्रह

तिन्ही भाषिक विभागांतील कार्यकर्त्यांनी १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरवले. रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारने संघटनेवर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला. त्यानंतर रामानंद तीर्थ यांनीही सत्याग्रह केला व त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. महात्मा गांधींच्या सल्ल्यावरून डिसेंबर १९३८ मध्ये हा सत्याग्रह स्थगित करण्यात आला.

याच सुमारास वंदे मातरम् चळवळ उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् हे गीत गाण्यास मनाई झाल्यावर विद्यार्थ्यांनी संप केला. औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही त्यात सामील झाले. आज्ञा न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले व त्यांच्यासाठी संस्थानातील उच्च शिक्षणाचे दार बंद झाले. नागपूर विद्यापीठाने यांपैकी अनेकांना प्रवेश दिला. त्यांमध्ये पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे होते व ते रामानंद तीर्थ यांना आपले गुरू मानत. एका सरकारच्या हद्दीत शिक्षणास अपात्र ठरलेला विद्यार्थी दुसऱ्या हद्दीत पात्र ठरला आणि संस्थानाबाहेर शिकण्याचा जुना मार्ग एका पिढीसाठी अपरिहार्य झाला.

सुटकेनंतर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाच्या संदर्भात त्यांना पुन्हा अटक झाली. १९४२ च्या आंदोलनातही ते तुरुंगात होते. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली आणि रामानंद तीर्थ तिचे अध्यक्ष झाले.

मुक्तिसंग्राम

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ हा भारतीय संघराज्यात सामील व्हा दिन म्हणून पाळला. १५ ऑगस्ट रोजी तिरंगा ध्वज फडकवल्याबद्दल रामानंद तीर्थ यांना अटक झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाल्यावर त्यांची सुटका झाली, परंतु जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक करण्यात आली.

या आंदोलनात वकिलांनी न्यायालयांवर आणि विद्यार्थ्यांनी शाळा व महाविद्यालयांवर बहिष्कार घातला. १९२० मध्ये सोलापुरात विद्यार्थी म्हणून त्यांनी स्वतः जे केले होते तेच आता त्यांच्या संघटनेच्या आवाहनावरून संस्थानभर घडत होते. अनेक विद्यार्थ्यांचे वर्ष वाया गेले, काहींचे शिक्षण कायमचे सुटले. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून शेजारच्या प्रांतांत गेली. सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सशस्त्र प्रतिकारासाठी केंद्रे उभारली. माहूर व किनवटच्या समोरील बाजूस, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हे अशा प्रमुख केंद्रांपैकी एक होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला व १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर रामानंद तीर्थ यांची सुटका झाली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

नांदेड एज्युकेशन सोसायटी

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर शाळांच्या माध्यमाचा प्रश्न वेगळ्या दिशेने सुटू लागला. मराठवाड्यातील माध्यमिक शाळांत मराठी माध्यम आले आणि उस्मानिया विद्यापीठाने उर्दूऐवजी इंग्रजी माध्यम स्वीकारले. या बदलाने मराठी मुलांची वाट मोकळी झाली. त्याच वेळी उर्दूतून शिकलेल्या पिढीची, विशेषतः सामान्य मुस्लिम कुटुंबांतील विद्यार्थ्यांची व शिक्षकांची, अडचण झाली.

मराठवाड्यात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय अत्यल्प होती. रामानंद तीर्थ यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिने नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू केले. महाविद्यालयाच्या नावातच ते लोकांचे असल्याचे सूचित होते. मराठवाड्याचे स्वतंत्र विद्यापीठ नसल्याने ते सुरुवातीस उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होते. ज्या विद्यापीठातून बारा वर्षांपूर्वी मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले होते, त्याच विद्यापीठाची संलग्नता आता लोकांच्या महाविद्यालयाला मिळाली. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही संलग्नता त्याकडे गेली. विचारवंत नरहर कुरुंदकर यांनी पीपल्स कॉलेजमध्ये अध्यापन केले व पुढे ते तेथील प्राचार्य झाले.

संसद आणि राज्यपुनर्रचना

रामानंद तीर्थ १९५२ मध्ये गुलबर्गा मतदारसंघातून व १९५७ मध्ये औरंगाबाद मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे हे त्यांचे ठाम मत होते. राज्य अखंड ठेवावे असा विचार काँग्रेसमध्ये आणि केंद्र सरकारातही होता. लोकांच्या भाषेत राज्यकारभार व शिक्षण झाल्याखेरीज लोकशाही रुजणार नाही, अशी त्यांची धारणा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका याच वेळी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला व त्यासोबत माहूर मराठी राज्यव्यवस्थेत आले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलणाऱ्या लोकांचा हा मिश्र प्रदेश होता. निजामाच्या काळात, १९४३ पासून, मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर हायमेनडॉर्फ यांच्या मार्गदर्शनाखाली आदिलाबादमध्ये गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या होत्या आणि त्यांची गोंडी पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली होती.

राज्यपुनर्रचनेसोबत झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने शिक्षणाशी निगडित दोन तरतुदी आल्या. अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले. सरहद्दीच्या या पट्ट्यात तिचा उपयोग दोन्ही बाजूंनी होता : नांदेडमधील तेलुगू भाषक मुलांना आणि आदिलाबादमध्ये राहिलेल्या मराठी भाषक मुलांना. अनुच्छेद ३७१ (२) नुसार विदर्भ व मराठवाडा यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षणाच्या न्याय्य सोयी यांसाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवता येऊ लागली. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासनांचा हा घटनात्मक आधार मानला जातो. ही मंडळे प्रत्यक्षात येण्यास मात्र १९९४ साल उजाडले.

अखेरची वर्षे

भूदान चळवळीत रामानंद तीर्थ यांनी विनोबा भावे यांना साथ दिली. १९६२ नंतर ते निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहिले आणि खादी, ग्रामीण शिक्षण व विधायक कार्य यांत त्यांनी लक्ष घातले. १९६७ मध्ये त्यांच्या हैदराबाद स्वातंत्र्यसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. तेथील बेगमपेठ भागात त्यांचे स्मारक आहे.

शाळाविषयक कायद्याचा पुढील प्रवास

रामानंद तीर्थ यांच्या पिढीने ज्या प्रश्नांना संस्थानी आज्ञांच्या रूपात तोंड दिले, ते स्वतंत्र भारतात न्यायालयांपुढे आले. १९५४ मध्ये मुंबई सरकारने अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश देण्यास मनाई केली. देवळाली येथील बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरवला. १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकावरील अभिमतात याच न्यायालयाने म्हटले की अल्पसंख्याकांच्या संस्थांना अनुदान वा मान्यता देताना त्यांचा घटनादत्त हक्क सोडण्याची अट घालता येत नाही. अल्पसंख्य नसलेल्या खासगी संस्थांच्या बाबतीत, शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा हक्क हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने स्पष्ट केले.

महाराष्ट्रात १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने प्राथमिक शाळांचा कारभार १९६२ पासून निवडून आलेल्या जिल्हा परिषदांकडे आला. मराठवाड्यात काही माध्यमिक शाळाही जिल्हा परिषदा चालवतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत पालकांचा बहुमताने समावेश असलेली व्यवस्थापन समिती आणली. याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवल्या. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून वगळणारा महाराष्ट्र शासनाचा २०२४ मधील नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

माध्यमाच्या प्रश्नावर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकातील प्रकरणात निर्णय दिला. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने पालकांचा आहे, राज्याला मातृभाषेची सक्ती करता येत नाही, असे त्यात ठरले. हैदराबाद संस्थानात हीच निवड सरकारने नाकारली होती व तेव्हा लोकांची मागणी मातृभाषेतील शाळेची होती. नव्या निकालाचा लाभ मुख्यतः इंग्रजी माध्यमाच्या शाळांना झाला.

स्मारके

मराठवाडा विद्यापीठाच्या विभाजनातून १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. पैनगंगेच्या काठावरील माहूर व किनवट हे तालुकेही त्यातच आहेत. अंबाजोगाई येथील शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांच्या नावाची ग्रामीण प्रशिक्षण संस्था आहे.

हेही पाहा

मराठवाडा मुक्तिसंग्राम
गोविंदभाई श्रॉफ
महाराष्ट्र परिषद
टिळक महाराष्ट्र विद्यापीठ
उस्मानिया विद्यापीठ
माहूर